पणजी ते पाळोळे बोटीने: इशारा ‘निरंक’, तरी साळचे तोंड बंद

मे महिन्यात पणजीहून बोटीने दक्षिणेला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. वादळाचा इशारा नाही म्हणजे साळ नदीच्या तोंडातून आत शिरता येईल, असे मुळीच नाही. धक्क्यावर बोट भाड्याने देणारे मात्र दोन्हींची सरमिसळ करून सांगतात. ‘हवामान विभागाचे बुलेटिन निरंक आहे, वारा दहा नॉटसुद्धा नाही’ असे आम्हाला सांगितले गेले आणि ते खरेही होते. तरीही साळच्या तोंडाशी, बेतूलसमोर लाटा दोन मीटरच्या वर फुटत होत्या आणि भरतीची वाट बघत बोट बाहेरच डुलत राहिली. पाठ अजून ठणकते आहे, तेव्हा पुढचा सल्ला थोडा कडक वाटला तर तो तसाच घ्यावा.

पोहता येते, लाइफ जॅकेट अंगावर आहे आणि बोट लागत नाही, हे गृहीत धरले आहे.

पणजी ते बेतूल हे अंतर सुमारे २५ सागरी मैल. पहाटे सहाला सुटायचे. तेव्हा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी सपाट असते. अकराच्या पुढे वायव्येचे खारे वारे धरतात आणि दुपारी छोट्या लाटा बोटीला ठोकत राहतात. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा दांडा आहे, तिथे जोराच्या ओहोटीत बाहेर पडू नये. लोहखनिजाच्या बार्जसुद्धा पावसाळ्यात हे तोंड टाळून कुंभारजुवे कालव्यातून मुरगावला जात. मुरगावसमोर जहाजांच्या वाटेपासून लांब राहा. बोगमाळोपासून मोबोरपर्यंत नुसता किनारा सरतो, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

मग साळ. इथे नेमके काय फसते ते आकड्यांतच समजते. मोबाइलवरच्या अंदाजात लाटेची उंची १.२ मीटर दिसते आणि लोक तेवढेच वाचून फोन खिशात ठेवतात. शेजारच्या रकान्यात लाटेचा कालावधी असतो, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारे सेकंद, तो वाचा. १.२ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठलेली आहे आणि उथळावर साधारण दीड मीटरवर फुटते. तीच लाट १६ सेकंदांची असेल तर तिच्यात ताकद कितीतरी जास्त असते आणि ती दोन मीटरच्या वर चढून फुटते, तेही अडीच-तीन मीटर खोल पाण्यात, म्हणजे साळच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्याच्या बरीच बाहेर. अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, हेही ध्यानात असू द्या. एखादी लाट जवळजवळ दुप्पट येणारच.

ही लांब लाट गोव्याच्या वाऱ्याची नसते. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अंश दक्षिणेच्या आसपास वादळी वारे सुटले की तिथून ती निघते. १६ सेकंदांच्या लाटांचा ताफा सुमारे २४ नॉटने सरकतो, म्हणून गोव्याला पोचायला सहाएक दिवस लागतात. तोपर्यंत मूळ वादळ विरून गेलेले असते. आपला हवामान विभाग जहाजांसाठी जे बुलेटिन काढतो ते विषुववृत्ताच्या उत्तरेच्या समुद्राचे असते आणि त्याच्या पहिल्या भागात वादळाचा इशारा असतो. तो भाग ‘निरंक’ असला तर त्याचा अर्थ इतकाच की या पट्ट्यात तसा वारा अपेक्षित नाही. लाटेबद्दल तो काही सांगत नाही.

वाऱ्याचे आकडेही नीट वाचा. ‘गेल’ म्हणजे ३४ नॉट आणि वर. चक्रीवादळ हे नावही ३४ नॉटपासूनच लागते, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर. पण मच्छीमारांसाठीचा नेहमीचा इशारा असतो ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. नॉटमध्ये तो २४ ते ३०, झोत ३५. २८ फुटी फायबर बोटीला घरी बसवायला हा पुरेसा आहे, मग ‘गेल’चा इशारा असो वा नसो. मुरगाव बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर चर्चाच नको. इशारा कुठल्या भागाचा आहे तेही बघा. हवामान विभागाचे किनारी बुलेटिन किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतचे असते, त्यापलीकडच्या समुद्राचे वेगळे.

लाटेसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचे, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचे, पान उघडायचे. उंच लाटांचा आणि कल्लक्कडलचा, म्हणजे दुरून आलेल्या लांब लाटांनी किनाऱ्यावर अचानक पाणी चढण्याचा, इशारा तिथे मिळतो. माझा नियम सरळ आहे: दिशा नैर्ऋत्य, कालावधी १४ सेकंदांच्या वर आणि उंची एक मीटरहून जास्त असेल तर साळमध्ये शिरायचा बेत रद्द.

यापेक्षा कमी असेल तर वेळ साधा. भरतीचे शेवटचे दोन तास हीच खिडकी. ओहोटी लागली की नदीचे पाणी बाहेर येते आणि आत येणारी लाट त्यावर आदळून उभी राहते. सकाळी बरा दिसणारा दांडा तासाभरात बिघडतो तो यामुळेच. वेळेसाठी मुरगावचे भरती-ओहोटीचे कोष्टक घ्या. तिथीच्या पाऊणपटीचा कोकणातला ठोकताळा (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे पूर्ण भरतीचा तास) बेत आखण्यापुरता चालतो. त्याने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती अकराच्या आसपास येते, तेव्हा पहाटे सुटलेली बोट बरोबर वेळेत पोचते. अष्टमीला मात्र भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाची. सकाळची हातून जाते आणि संध्याकाळची खाऱ्या वाऱ्यात व गडगडाटात सापडते. अष्टमीच्या आसपास जाऊच नका.

तोंडाबाहेर आठ-दहा मीटर पाण्यात थांबून निदान वीस मिनिटे लाटा बघा, कारण मोठ्या लाटा टोळीने येतात. समुद्राकडून फक्त लाटांची पाठ दिसते आणि ती नेहमी लहान वाटते. म्हणून बेतूलच्या किनाऱ्यावरच्या कुणाला तरी फोन करून फेस दिसतो का ते विचारा. वाळू सरकत असते, तेव्हा साळमधल्या कुटबण जेटीच्या ट्रॉलरवरच्या तांडेलाकडून त्या दिवसाची वाट विचारून घ्या. गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक निरुपयोगी.

आत शिरताना टोळी संपली की एका लाटेच्या पाठीवर राहायचे. तिच्या पुढे जायचे नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचे नाही. एवढ्या पाण्यात लाट १० ते १३ नॉटने धावते. माणसांनी भरलेली, एका इंजिनाची, सात नॉटची बोट तिच्याबरोबर राहूच शकत नाही. लाट मागून गाठते, मागची बाजू उचलते, नाक खाली जाते, बोट आडवी फिरते आणि उलटते. म्हणून माणसे मध्यभागी आणि खाली बसवा, नाकावर कुणी नको, दोर आत ओढून घ्या, नांगर हाताशी ठेवा. मधेच मन बदलून बोट वळवणे सर्वांत घातक. जमत नसेल तर मुरगावला परत. त्यासाठी एक तृतीयांश इंधन शिल्लक असलेच पाहिजे.

बेतूलहून पुढे पाळोळ्याकडे जाताना काब दी रामच्या कड्यापासून मैलभर बाहेरून जा. कड्यावर आपटून परतलेल्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळतात आणि पाणी चारी बाजूंनी उसळते. आगोंद, पाळोळे सोपे.

दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढले की पूर्वेकडून अचानक झोत येतो. त्यासाठी हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज बघत राहा.

पैशांचे आधी लिहून घ्या. भरतीसाठी बाहेर थांबल्याचे ‘जास्तीचे तास’ आमच्या बिलात लागले. थांबा हा प्रवासाचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका, आणि हवामानामुळे परतल्यास भाडे किती ते निघण्यापूर्वी ठरवा. व्हीएचएफ रेडिओ चालू नसलेली बोट कितीही स्वस्त असली तरी नाकारा. संकटकाळची वाहिनी १६ धक्क्यावरच तपासा आणि तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला.