वाचणारा एक, ठराव करणारी सभा: आमची वाटचाल

डोंबिवलीत आमची छोटी फर्म आहे. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, हे एकच काम आम्ही करतो. बिल्डर स्वतःहून सही करत असेल तर कन्व्हेयन्स, करत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स. मी पूर्वी एका बिल्डरच्या ऑफिसात दस्तऐवजांच्या टेबलावर होते. माझे भागीदार भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. आम्ही दोघंही वकील नाही. सुनावणीला वकील उभे राहतात. त्याच्या आधीची आणि नंतरची सगळी धावपळ आमची: जुने करारनामे शोधणं, नकाशे जुळवणं, मेंबरांच्या याद्या, मुद्रांक कार्यालय, नोंदणी आणि शेवटी उताऱ्यावर नाव चढवणं.

हे काम चौकात बोर्ड लावून मिळत नाही. आपल्याला कन्व्हेयन्सची गरज आहे, हेच मुळात बहुतेक सोसायट्यांना ठाऊक नसतं. घरपट्टी वेळेवर भरतो, मेंटेनन्स जमा होतो, शेअर सर्टिफिकेट कपाटात आहे, म्हणजे सगळं आपलंच, असा समज असतो. म्हणून सुरुवातीपासून आम्ही लिहीत आलो, साध्या मराठीत, सेक्रेटरी काकांना एका बैठकीत वाचून होईल एवढं.

पहिले लेख कायद्याचे होते. मोफा, म्हणजे बिल्डरने फ्लॅट विकताना पाळायचा महाराष्ट्राचा कायदा, 1963 चा. सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं, असं त्याचे नियम सांगतात, करारनाम्यात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर. बिल्डर ते टाळतात म्हणून 2008 च्या दुरुस्तीने कलम 11 मध्ये नवा मार्ग आला, तोच डीम्ड कन्व्हेयन्स. सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, नमुना 7 मध्ये अर्ज करायचा, 2,000 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि दोन्ही बाजू ऐकून त्यांनी सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा, असं कायदा म्हणतो. हे लेख आजही खूप वाचले जातात, आणि ते वाचून फोनही येत असत. “मॅडम, एकच शंका आहे,” असं म्हणून सुरू झालेला फोन अर्धा तास चालायचा. शंका फिटली की मनापासून आभार, आणि मग पुढे काही नाही.

त्या लोकांबद्दल माझ्या मनात कधीच किंतु नव्हता. माहिती मागणं हा त्यांचा हक्क आहे आणि ती देणं आम्हाला आवडतं. पण ऑफिसचं भाडं आणि दोन मुलींचे पगार आभारांतून निघत नाहीत. वाचणारे इतके आणि काम देणारे एवढेसे, असं का, हे समजून घेणं भाग होतं.

उत्तर भाऊंनी काढलं. फोन कोणाकोणाचे येतात याची एक वही त्यांनी ठेवली होती. त्यात मेंबर होते, मेंबरांचे जावई होते, दुबईत नोकरी करणारा मुलगा होता ज्याने लेख वाचून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक होते. सगळे कळकळीचे, आणि यांतल्या एकाच्याही हातात सोसायटीचं चेकबुक नव्हतं. आमचा लेख एक माणूस वाचतो, पण आमचं गिऱ्हाईक असते अख्खी सोसायटी. वाचणाऱ्याने कमिटीला पटवायचं, कमिटीने तीन कोटेशनं मागवायची, विषय सर्वसाधारण सभेत आणायचा, सभेने ठराव करायचा, मग प्रत्येक फ्लॅटमागे किती काढायचे ते ठरायचं. या वाटेवर पहिल्याच पायरीला बहुतेक जण थांबायचे, कारण आमचा लेख त्यांना समजला होता, पण दुसऱ्याला समजावता येत नव्हता. पुढे आम्ही जे काही केलं ते सगळं या एका गोष्टीवरून.

सगळ्यात आधी, वाचणाऱ्याला स्वतःचा उतारा काढायला लावणारा लेख लिहिला. कायदा सांगण्याऐवजी त्यात फक्त कृती होती. आपला करारनामा उघडा. मागच्या परिशिष्टात मिळकतीचं वर्णन असतं, तिथे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि गाव लिहिलेलं असतं. गाव नीट पाहा, कारण पत्त्यावर आपण डोंबिवली पूर्व लिहितो, पण महसुली गाव आयरे असतं, ठाकुर्ली असतं, गजबंधन पाथर्ली असतं, आणि महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर, शोधताना जिल्हा ठाणे, तालुका कल्याण निवडल्यावर तेच गाव निवडावं लागतं. सिटी सर्व्हे झालेला भाग असेल तर प्रॉपर्टी कार्ड, नसेल तर सातबारा. सातबारा पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये.

आणि मग एक ओळ: मालक म्हणून कोणाचं नाव दिसतं ते वाचा.

या लेखानंतर आलेल्या पहिल्या काही फोनांतला एक मला शब्दशः आठवतो. चार मजली इमारत, सेक्रेटरी बाई. “मॅडम, आमच्या उताऱ्यावर पाच जणांची नावं आहेत. आम्ही यांना ओळखतसुद्धा नाही. त्यातले दोघे मयत म्हणून कंस केलाय आणि वारस म्हणून आणखी तिघं आलीत. आमचं नाव कुठेच नाही.” बाई तीस वर्षांहून जास्त त्या घरात राहत होत्या. “एकच शंका आहे” असं त्या म्हणाल्या नाहीत. “आता काय करायचं ते सांगा,” म्हणाल्या. कायद्याचं कलम वाचून माणूस शहाणा होतो. उताऱ्यावर परक्याचं नाव पाहिलं की त्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग तो स्वस्थ बसत नाही. घाबरवणं हा आमचा हेतू कधीच नव्हता. कागदावर जे आहे ते त्याला त्याच्या डोळ्यांनी दिसावं, एवढंच.

दुसरं काम जास्त मेहनतीचं होतं, आणि माझ्या मते आमची फर्म त्यावरच उभी राहिली. आम्ही लेखाच्या जोडीला सभेसाठीचा कागद तयार केला. दोन पानं, मोठी अक्षरं, छापून थेट नोटीस बोर्डावर लावता येतील अशी. पहिल्या पानावर सभेच्या विषयपत्रिकेत घालायचा विषय आणि ठरावाचा मसुदा: “संस्थेच्या इमारतीखालील जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी मोफा 1963 च्या कलम 11 अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.” खाली सूचक, अनुमोदक, आणि सह्यांचे अधिकार कोणाला दिले ते लिहायला जागा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी जायला हवी, विशेष सभेची पाच दिवस आधी, हेही तिथेच.

दुसऱ्या पानावर सभेत हमखास उठणारे प्रश्न. ते आम्ही कल्पनेने लिहिले नाहीत. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून जे ऐकलं तेच उतरवलं. कोणी ज्येष्ठ काका म्हणतात, बिल्डर माझ्या ओळखीचा आहे, त्याने शब्द दिलाय. त्याला उत्तर: मग त्याला रीतसर नोटीस द्या, सही करायला आला तर उत्तमच, न आल्यास तीच नोटीस अर्जाला जोडायची आहे. कोणी म्हणतं, आपल्याकडे ओसी नाही, आपलं होणारच नाही. उत्तर: 2018 च्या शासन निर्णयाने कागदांची यादी आटोपशीर झाली आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नसलेल्या सोसायटीला स्वयंघोषणापत्र देता येतं. कोणी म्हणतं, आपल्याला रिडेव्हलपमेंट करायचंच नाही, मग खर्च कशाला? याचं उत्तर आम्ही सगळ्यात विचार करून लिहिलं. आज नको असेल, पण जमीन नावावर नसेल तर त्या जमिनीवर वाढीव एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, मिळाल्यावर त्यावर हक्क कोणाचा, हा वाद उभा राहतो. उद्या इमारत मोडकळीला आली की नवा विकासक आणि बँक पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचाच विचारतात. आणि त्या वेळी मूळ मालकाचे वारस आणखी वाढलेले असतात.

या कागदावर आमचं नाव तळाशी बारीक अक्षरांत आहे. मुद्दामच. जाहिरात दिसली की सभेत कोणीतरी म्हणतं, यांना काम मिळावं म्हणूनच हे, आणि विषय तिथेच बारगळतो. काही सोसायट्या आमचा कागद वापरतात आणि काम दुसऱ्याला देतात, हे आम्हाला माहीत आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. जमीन सोसायटीच्या नावावर लागली, हे झालंच. आणि त्यांच्या शेजारची सोसायटी पुष्कळदा आमच्याकडे येते.

तिसरी गोष्ट फीची. आमच्या व्यवसायात फी लिहून न सांगण्याची पद्धत आहे. “या, बसू, बोलू.” आम्ही खर्चाचा लेख लिहिला आणि त्यात दोन रकाने केले, सरकारी खर्च आणि आमची फी. सरकारी खर्चात मुद्रांकाचा भाग लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून तो सविस्तर मांडला. फ्लॅट घेताना करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर कन्व्हेयन्सला ते पुन्हा संपूर्ण भरावं लागत नाही. पण जुन्या करारनाम्यांवर ते कमी भरलेलं किंवा मुळीच भरलेलं नसेल तर फरक निघतो, आणि त्यावर दंडही लागू शकतो. त्यामुळे दोन शेजारच्या इमारतींचा खर्च सारखा नसतो. फोनवर आकडा मागणाऱ्याला आम्ही आकडा का देत नाही, हे त्यावरून लोकांना आपोआप कळतं.

आमची फी टप्प्यांत आहे: कागदपत्रांची तपासणी, अर्ज आणि सुनावणी, दस्ताची नोंदणी, उताऱ्यावर नाव. पहिल्या टप्प्याची रक्कम छोटी ठेवली आणि पुढचं काम आम्हालाच दिलं तर ती वजा करतो. त्या पैशांत सोसायटीला लेखी अहवाल मिळतो: कोणते कागद आहेत, कोणते नाहीत, नसलेले कुठल्या कार्यालयातून मिळतील, एकाच भूखंडावर आणखी इमारती असतील तर तुमचा अविभक्त हिस्सा कसा मोजावा लागेल, अडचण नेमकी कुठे येईल. कमिटी हा अहवाल सभेपुढे ठेवू शकते. वाचकाचं गिऱ्हाईक होतं ते इथे. लाखभराच्या कामाला हो म्हणायला कमिटीला पाच मीटिंगा लागतात. कागद तपासून घ्यायला चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार एका संध्याकाळी हो म्हणतात.

लेखाच्या शेवटी “संपर्क साधा” असं आम्ही आता लिहीत नाही. पाच गोष्टी पाठवा म्हणतो: सोसायटीच्या नोंदणीचं वर्ष, इमारती किती, उताऱ्याचा फोटो, कोणत्याही एका मेंबरचा करारनामा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा) सकट, आणि लिहिणारी व्यक्ती मेंबर आहे की कमिटीवर. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. मेंबर असेल तर त्याला सभेचा कागद जातो आणि “तुमच्या सेक्रेटरींशी एकदा बोलू का?” असं विचारतो. कमिटीवरची व्यक्ती असेल तर भाऊ स्वतः फोन करतात. कागद पाठवायला जो वेळ काढतो त्याची चौकशी खरी असते, हे इतक्या वर्षांत क्वचितच खोटं ठरलं.

ज्यांचं काम आमच्या हातचं नाही त्यांनाही लेखातच सांगून टाकलं आहे. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा घोषणेचा दस्त) झालेल्या इमारतींचा मार्ग वेगळा. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर सोसायटी असेल तर मालकी नव्हे, भाडेपट्ट्याचे हक्क येतात, त्यासाठी सिडकोच्या कामाची माहिती असलेला माणूस हवा. ही पानं वाचून लोक आमच्याकडे न येता योग्य जागी जातात. तरी ती लिहिली याचं मला समाधान आहे, कारण चुकीच्या दारात बसून राहिलेली सोसायटी वर्षानुवर्षं बसून राहते.

चौकशा वर्षभर सारख्या येत नाहीत. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये फोन सुरू होतात. सभेचा कागद म्हणूनच आम्ही जूनच्या शेवटी नव्याने पाठवतो, आधी ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्यांना. वहीतली जुनी नावं पुन्हा जागी होतात. मागच्या सभेत विषय फेटाळला गेलेल्या सोसायटीत यंदा कमिटी बदललेली असते.

सध्या भाऊ एका नव्या लेखावर बसले आहेत. त्यांना आतून पटलेला विषय आहे. डीम्ड कन्व्हेयन्सचा आदेश हातात आला की अनेक सोसायट्या पेढे वाटतात आणि थांबतात. पण त्यानंतर दस्ताचा मुद्रांक अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा निर्णय, व्हायचा असतो, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी व्हायची असते, मग फेरफार, आणि तेव्हा कुठे उताऱ्यावर सोसायटीचं नाव येतं. आदेश फाइलमध्ये ठेवून नव्या कमिटीला तो असल्याचंही ठाऊक नाही, अशा सोसायट्या आमच्या आसपासच आहेत. त्या सेक्रेटरींना अर्धवट राहिलेलं काम कुठून उचलायचं हे सांगणारी यादी त्या लेखाला जोडतोय. अशा कामाला बहुतेकदा नवीन ठरावाची वाट पाहावी लागत नाही, जुना ठराव इतिवृत्तात असतोच. तो शोधायला कोणत्या वर्षाचं इतिवृत्त उघडायचं, ही त्या यादीतली पहिली ओळ आहे.