सावकाश होऊ द्या

परदेशातून परत आल्यावर चार-सहा महिन्यांनी, बॅग उन्हात टाकायला काढली की आतल्या कप्प्यात एखादं बिल सापडतं. अक्षरं निम्मी उडालेली. या कागदावर शाई नसतेच. उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो आणि तोच हळूहळू फिका होत जातो. रक्कम दिसत नाही ते एक बरं. पण तळाशी दोन शब्द टिकून असतात : 'सेर्विस काँप्री'. म्हणजे सेवेचे पैसे धरून. ते वाचलं की पॅरिसमधली ती संध्याकाळ आठवते आणि भर दुपारी माणूस नव्यानं चिडतो. कसली सेवा? पाऊण तास बिल आणून दिलं नाही लेकाच्यानं!

महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटबद्दल आपली पहिली तक्रार ही, आणि तीत वेटरचा दोष सर्वांत कमी. आपल्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येऊन पडतं. तिथे न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला 'निघा आता' म्हणणं. पंगतीत यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतो, तो वेटरही तेच सांगत असतो. फक्त तोंडानं म्हणत नाही. बिल हवं असेल तर नजर मिळवायची, हवेत सही केल्यासारखा हात हलवायचा आणि 'लादिसियाँ, सिल व्हू प्ले' म्हणायचं. त्यानंतरही दहा मिनिटं धरायचीच. गाडी पकडायची असेल तर कॉफी सांगतानाच बिल सांगून ठेवावं. शुक्‌शुक, चुटकी, 'गार्साँ' (म्हणजे 'पोऱ्या') अशी हाक, यातलं काही चालत नाही. आत शिरताना 'बाँझूर', संध्याकाळ असेल तर 'बाँस्वार', हे म्हटलं नाही तर पुढचे दोन तास वागणं थंडच राहणार. शेकहँडपेक्षाही तिथे त्या शब्दाला वजन आहे.

शिवाय बिल मागायचं कुणाकडे, हाही प्रश्न आहेच. मोठ्या जागी एकच माणूस सगळं करत नाही. 'मॅत्र दोतेल' बसवतो आणि एकूण व्यवहार बघतो. 'शेफ द राँ' आपल्या वाट्याची टेबलं सांभाळतो. हा 'राँ' म्हणजे आपली रांगच. 'कोमी' हा शिकाऊ, ताटल्या ने-आण करणारा. वाइनचं सगळं 'सोमेलिए'कडे. त्या कोमीला बिल मागणं म्हणजे पंगतीत पाणी वाढणाऱ्या पोराला जिलबी आण म्हणण्यासारखं. पोरगा 'हो' म्हणतो आणि पाण्याचा जग घेऊन पुढे जातो.

पाण्यावरून आठवलं. 'साधं की फसफसणारं?' असं विचारलं की आपण 'साधं' म्हणतो आणि बाटली येते, सात-आठ युरोंची. बोलायचं ते 'यून काराफ दो', म्हणजे नळाच्या पाण्याचा एक जग. नळाचं पाणी आणि पाव हे फ्रान्समध्ये जेवणाच्या किमतीतच धरलेले असतात. तसा १९६७ सालचा सरकारी आदेश आहे. मागायला लाजायचं कारण नाही. लाजतो आपण, कारण समोर पांढरा टेबलक्लॉथ असतो.

दुसरी तक्रार उशिराची. दोन पदार्थांच्या मध्ये वीस-वीस मिनिटं. यात निम्मा दोष काट्या-सुरीचा असतो. दोन्ही एकमेकांशेजारी समांतर ठेवले म्हणजे 'झालं'. फुली किंवा उलटा 'व्ही' केला म्हणजे 'अजून चालू आहे'. टेबलावरच्या सगळ्यांचं 'झालं' दिसल्याशिवाय ताटल्या उचलत नाहीत आणि स्वयंपाकघरात पुढच्या पदार्थाचा इशारा जात नाही. चौघांतला एक जण काटा हातात धरून गप्पा मारत बसला की चौघंही उपाशी. दुसरं म्हणजे आपली वाटून खायची सवय. एकानं दोन स्टार्टर मागवले, दुसऱ्यानं थेट मुख्य पदार्थ, म्हणजे दुसऱ्यानं पहिल्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. 'सगळं एकदमच आणा' हे आधी सांगितलं तर ऐकतात. मूळ फ्रेंच रीत तरी कुठे वेगळी होती? सगळे पदार्थ एकदम मांडायचे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. एकामागून एक वाढायची पद्धत रशियन; १८१०च्या सुमारास तिथला राजदूत कुराकिन यानं ती पॅरिसला नेली असं सांगतात. म्हणजे मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे असं सगळं एका नजरेत दिसणारं ताट सोडून तेही त्या रांगेत येऊन बसले. वाईटच झालं, माझ्या मते.

शाकाहाऱ्यांचं दुःख निराळं. टेबलावर बसून 'व्हेज आहे का?' विचारलं तर उकडलेल्या भाज्या आणि पडलेला चेहरा, दोन्ही मिळतात. अशा स्वयंपाकघरात हाडांचा 'स्टॉक', म्हणजे अर्क, सकाळपासून शिजत असतो. सॉस, सूप, रिसोटो सगळं त्यावरच उभं. ऐन वेळी त्यातून बाहेर काढण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून टेबल बुक करतानाच, निदान दोन दिवस आधी, लेखी कळवावं; आणि नुसतं 'शाकाहारी' न म्हणता मांस, मासे, त्यांचा स्टॉक आणि जिलेटिन चालत नाही असं फोडून सांगावं. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा स्टॉक असतो, पान्ना कोट्टा या गोड पदार्थात जिलेटिन. पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटनंच बनतं, त्याला पर्यायच नाही. अंडं मात्र त्यांच्या शाकाहारात बसतं, हे विसरायला होतं.

आणि 'मिशलँ' या रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या पुस्तकातला तारा बघून गेला असाल तर एक गोष्ट आधी कळलेली बरी. तारा ताटलीतल्या पदार्थाला मिळतो. कच्चा माल, हातोटी, चवींचा मेळ, शेफची छाप आणि सातत्य; बस्स. वेटर हसला की नाही हे त्यात येतच नाही. टायर कंपनीनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी काढलेलं ते पुस्तक. तारे १९२६ पासूनचे. जागेच्या आरामासाठी काट्या-चमच्याची वेगळी चिन्हं छापत. आपण तारा बघून आराम गृहीत धरतो.

मग खरंच वाईट सेवा असते की नाही? असते, आणि तिथलं मुरलेलं गिऱ्हाईकही तिला वाईटच म्हणतं. हॉल रिकामा असताना स्वच्छतागृहाच्या दाराशी बसवणं. एकाचं खाणं चालू असताना दुसऱ्याची ताटली उचलणं. आजच्या खास पदार्थाचं वर्णन करायचं आणि किंमत गाळायची. बाटली लवकर संपावी म्हणून ग्लास सारखा भरत राहायचं. यावर मात्र आपला पंगतीतला उपाय लागू पडतो, ग्लासवर तळहात आडवा धरायचा. पदार्थ गार आला असेल तर दुसऱ्या घासाला सांगावं, मॅत्र दोतेलला, हळू आवाजात. ताटली चाटूनपुसून झाल्यावरच्या तक्रारीला जगात कुठेच किंमत नाही. पैसे देताना कार्डाचं यंत्र 'रुपये की युरो' विचारतं, तेव्हा युरोच दाबावं. रुपयांचा दर त्यांचा असतो आणि तो महाग पडतो. टिप ऐच्छिक. सेवेचे सुमारे १५ टक्के आधीच किमतीत असतात, वर दोन-चार युरो ठेवले तर छान.

न्यू जर्सीहून पॅरिसला गेलेल्या मराठी कुटुंबांचा विरस दुप्पट. त्यांना दर पाच मिनिटांनी 'सगळं ठीक ना?' ऐकायची सवय. पण अमेरिकेत टिप घेणाऱ्या वेटरचं संघराज्याचं किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर अडकलेलं आहे; काही राज्यांत जास्त आहे, सगळीकडे नाही. ते हसू आणि ती लगबग १८-२० टक्के टिपेसाठी असते. लंडनमध्ये तिसराच प्रकार. बिलात साडेबारा टक्के 'ऐच्छिक' म्हणून आधीच लिहिलेले, काढा म्हटलं तर काढतात. आणि टेबल बुक करतानाच कळवलेलं असतं की दोन तासांनी ते परत हवं.

त्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही म्हणा. लग्नाच्या हॉलमध्ये यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत असतो, तेव्हा दुसरी पंगत आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच असते. मठ्ठ्याचा ग्लास पुरा रिकामा व्हायच्या आत तिथे कुणाचा तरी रुमाल पडलेला असतो.