पात्रांनी बोलायला हवे होते

कथा-कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या ठरीव साच्यांबद्दल माझी सरसकट तक्रार नाही. वैऱ्याचे मित्र होणे, हरवलेले मूल सापडणे, परस्परांना न ओळखणाऱ्या चौघांनी एका संकटात अडकून एकमेकांचे सोबती होणे, हे सारे इतकी शतके टिकून आहे त्याअर्थी त्यात वाचकाला ओढून घेण्याची ताकद आहे, आणि मीही त्या ओढीने पाने उलटत राहते. माझा आक्षेप वेगळा आहे. जिथे पात्राने काहीतरी ठरवायला हवे, नेमक्या त्याच ठिकाणी लेखक एखादा साचा पुढे करून त्याची सुटका करतो, तेव्हा ती कथा माझ्या मनातून उतरते. माझ्या बहुतेक आवडीनिवडी या एकाच आग्रहातून आलेल्या आहेत.

सर्वांत नावडता साचा गैरसमजाचा. नायिका जिना चढून येते, दार अर्धवट उघडे असते, आत नायकाच्या खांद्यावर डोके टेकून कोणी स्त्री रडत असते आणि नायिका पाऊल न वाजवता मागे फिरते. ती स्त्री त्याची बहीण असते, हे वाचकाला तरी आधीच ठाऊक असते किंवा पुढच्या प्रकरणात कळते. पण नायिकेला ते कळायला अर्धी कादंबरी खर्ची पडते, कारण ‘ती कोण होती?’ एवढा प्रश्न तिला कोणी विचारू देत नाही. ज्या दोघांच्या समजूतदारपणावर, एकमेकांच्या मनातले ओळखण्याच्या हातोटीवर आपण तोवर लुब्ध झालेलो असतो, ती दोघे एका संध्याकाळीत मंदबुद्धी होतात. हे त्यांच्या स्वभावातून आलेले नसते. कथानक लांबवण्याची गरज लेखकाची असते आणि तिची किंमत पात्रांना मोजावी लागते.

मौन स्वभावातून आलेले असेल तर मात्र हाच साचा मला मनापासून आवडतो. प्रश्न विचारला की शिक्षा, अशा घरात वाढलेली मुलगी विचारणार नाही. उत्तर आपल्याला पेलणार नाही हे जाणणारा माणूसही विचारणार नाही. विचारायचे नाही असे ठरवणे हादेखील निर्णयच असतो, आणि त्या निर्णयाचे ओझे पात्र वाहत असेल तर मी त्याच्यासोबत कितीही पाने चालायला तयार असते.

या संदर्भात मला नेहमी शकुंतलेची कथा आठवते, कारण तिची दोन रूपे शेजारी ठेवली की हा फरक लख्ख दिसतो. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरीही तो भर सभेत ‘मला आठवत नाही’ असे म्हणतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, म्हणजे राजा खोटे बोलत नाही, त्याची स्मृतीच हरपली आहे. नायकाला दोषमुक्त करण्याची ही युक्ती एरवी मला खटकली असती. पण कालिदासाने पाचव्या अंकात जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याची शकुंतला गप्प राहत नाही. ती खूण म्हणून अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामे निघते. मग ती एक आठवण सांगते: कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होते, तिने वाढवलेले हरिणाचे पाडस राजाच्या हातून ते पाणी पिईना, तिच्या हातून मात्र प्यायले, आणि तेव्हा राजा हसून म्हणाला होता की तुम्ही दोघेही वनवासी, जो तो आपल्या माणसावरच विश्वास टाकतो. दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नसलेली इतकी कोवळी गोष्ट ती सभेसमोर ठेवते, आणि त्यावर राजा स्त्रियांच्या उपजत लबाडीबद्दल बोलतो व कोकिळेचे उदाहरण देतो, जी आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते. तिथे संताप अनावर होऊन ती त्याला अनार्य म्हणते. सगळे बोलून झाले, आणि तरीही काही उपयोग झाला नाही! गैरसमजाचा साचा वापरायचा तर असा वापरावा.

तरीही व्यक्तिरेखा म्हणून मला महाभारतातली शकुंतलाच अधिक जवळची वाटते. ती शापाशी नव्हे, सगळे आठवत असूनही नाकारणाऱ्या माणसाशी वाद घालते, सत्य आणि धर्म यांवर त्याला खडसावते. आकाशवाणी झाल्यावर राजा कबूल करतो की त्याला सारे माहीत होते, पण केवळ तिच्या शब्दावर मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी शंका घेतली असती. हे कारण मला पटत नाही, आणि ते न पटणे हाच त्या कथेतला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. राजा इथे डागाळलेला राहतो, आणि डागाळलेली माणसे माझ्या लक्षात राहतात.

खलनायकांच्या बाबतीत अलीकडे जी रीत रूढ झाली आहे तिने मी कंटाळले आहे. क्रूर माणसाच्या क्रौर्याला एक दुःखी बालपण जोडले की काम भागले, असे अनेक लेखक समजतात. दुःखी बालपण अनेकांच्या वाट्याला येते, आणि त्यांतले बहुतेक जण कोणाचा गळा कापत नाहीत. मला खलनायकाचा भूतकाळ नको, त्याचा युक्तिवाद हवा. तो स्वतःला काय सांगून झोपी जातो, हे मला वाचायचे असते. त्याहून चीड येते ती शेवटच्या प्रकरणातल्या हृदयपरिवर्तनाची, जिथे आयुष्यभर अत्याचार केलेला माणूस नायकासाठी छातीवर वार झेलतो, दोन वाक्ये बोलतो आणि मरतो. मरण ही इथे सर्वांत सोपी सुटका असते, कारण ज्यांचे वाटोळे केले त्यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. अश्वत्थाम्याच्या कथेचा मनावर इतका खोल ठसा उमटतो तो यामुळेच. झोपलेल्यांना ठार मारल्यावर त्याला मृत्यू मिळत नाही. मस्तकावरचा मणी जातो आणि तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप मिळतो. त्याला क्षमा मिळत नाही, पण सुटकाही मिळत नाही.

मेलेले पात्र परत आणण्याबद्दल माझे मत थोडे मवाळ आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. कथेतल्या काळानुसार होम्स तीन वर्षे बेपत्ता असतो, आणि तो वेष उतरवून समोर उभा राहतो तेव्हा डॉक्टर वॉटसनला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची मूर्च्छा येते. हा तपशील मला अतिशय प्रिय आहे, कारण होम्सच्या परत येण्याचे वजन त्यातून वॉटसनच्या देहावर दिसते. पण पुढे काय होते? होम्स आपली बाजू सांगतो, वॉटसन आनंदाने ऐकतो आणि त्याच रात्री दोघे एका मोहिमेवर निघतात. ज्या मित्राने आपल्याला तीन वर्षे शोकात ठेवले त्याच्यावर वॉटसनने एक पानभर तरी रागवायला हवे होते, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

योगायोगाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी जे दहा नियम मांडले त्यांत योगायोगाने गुप्तहेराला मदत करू नये असे आहे, आणि जुळे भाऊ वाचकाला आधी तयार केल्याशिवाय आणू नयेत असेही आहे. हे नियम रहस्यकथेपुरते का ठेवावेत, हे मला कळलेले नाही. योगायोगाने पात्र अडचणीत सापडावे. त्याला सोडवायला मात्र योगायोग येऊ नये.

आता आवडीकडे वळते. आपले काम उत्तम जाणणारी माणसे कथेत आली की मी सावरून बसते. सुतार लाकडावरून अंगठा फिरवतो आणि रंध्याची पात किती पुढे काढायची ते ठरवतो, परिचारिका रुग्णाच्या श्वासाची लय बदललेली यंत्राच्या आधी ओळखते, अशा एका परिच्छेदातून पात्राबद्दल जे कळते ते त्याच्या डोळ्यांच्या रंगावर लिहिलेल्या चार पानांतून कळत नाही. शिवाय काम येणाऱ्या माणसाला निर्णय घ्यावेच लागतात, आणि ते चुकले तर त्याला कोणाच्या तोंडून ऐकावे लागत नाही, ते हाताखालीच दिसते.

आणि मला चांगली माणसे आवडतात. चांगुलपणा कथेत कंटाळवाणा होतो, रंग भरायचा तर काळाच हवा, हा समज मला मुळीच मान्य नाही. सज्जन पात्र नीरस होते ते लेखकाने त्याच्या सज्जनपणाला कधी काही खर्चच करावे लागू दिले नाही म्हणून. खरे बोलल्याने जिवलग मैत्रीण दुरावणार आहे हे समोर दिसत असताना जी खरे बोलते, तिच्या त्या एका संभाषणात हाणामारीच्या दहा प्रसंगांहून अधिक ताण असतो.

वैऱ्यांचे प्रेमात किंवा मैत्रीत रूपांतर होण्याचा साचा मला म्हणूनच आवडतो, फक्त तो घाईने उरकू नये. पावसात अडकणे, एकच खोली मिळणे, तापात शुश्रूषा करणे, हे सारे चालेल. पण त्याने केलेली जुनी इजा त्या तापासोबत उतरली, असे दाखवू नये. मला माफीचा प्रसंग पूर्ण हवा. माफी मागणाऱ्याने नेमके काय केले ते आपल्या तोंडाने उच्चारावे, कारणे देऊ नयेत, आणि समोरच्या व्यक्तीला लगेच विरघळवू नये. ती जर ‘मला अजून वेळ हवा’ म्हणाली, आणि लेखकाने तो वेळ तिला खरोखर दिला, पुढच्या प्रकरणात दोघांना एकाच टेबलावर बसवून मिठाची वाटी सरकवण्यापलीकडे काही बोलू दिले नाही, तर त्या लेखकाचे पुढचे पुस्तक मी विषय न विचारता उचलते.