सीटखालचा त्रिकोण

एफआयआर वाचला तेव्हा आरोपीच्या रकान्यात मयताचंच नाव होतं. उभ्या ट्रकला मागून मोटरसायकल धडकली आणि चालवणारा जागीच गेला, की पोलीस बहुतेक वेळा असंच करतात. ‘भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत’ एवढं लिहायचं, आरोपी मयत म्हणून अबेटेड समरी, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, पाठवायची, कागद बंद. तेरावं उरकून घरचे भरपाईसाठी वकिलाकडे येतात तेव्हा ‘आता काय मिळणार नाही म्हणे’ हे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं.

हे प्रकरण डिसेंबर २०२२ चं. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डरचं काम करणारा चौतीस वर्षांचा माणूस, दुसरी पाळी संपवून पुणे-बेंगळुरू महामार्गानं कागलच्या बाजूला घरी निघालेला. पुढं साखरेची पोती भरलेला दहाचाकी ट्रक उभा. मागे राहिले ते बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

पंचनाम्यात ट्रकबद्दल एकच ओळ होती: ‘रस्त्याच्या कडेला उभा’. कडेला म्हणजे नेमकं कुठे? पांढऱ्या पट्टीपासून मागचं चाक किती फुटांवर, याचं माप नाही. कच्च्या नकाशात एक चौकोन आणि एक बाण. मोटार वाहन निरीक्षकानं ट्रक तपासला तो सहाव्या दिवशी, आणि अहवालात लिहिलं, ‘मागील दिवे चालू स्थितीत’. ट्रकच्या विमा कंपनीचा सगळा बचाव या दोन ओळींवर उभा होता.

आमच्या, म्हणजे मयताच्या घरच्यांच्या, बाजूनं होता तो मोबाईलवरचा एक फोटो. मागून दुसऱ्या गाडीवरून येणाऱ्या कामगारानं काढलेला, वेळ रात्री ११.५२. आमच्याकडे तो व्हॉट्सॲपवरून आला होता, आणि व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोतून काढल्याची मूळ वेळ निघून जाते. म्हणून मूळ मोबाईल शोधावा लागला. तो त्यानं बहिणीला देऊन टाकला होता, डिस्प्ले फुटलेला, पण गॅलरी शाबूत. त्यावरून प्रिंट काढली आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलं. १ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणांत हेच प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं. ते दोन भागांत असतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ठसा) लागते. हे राहिलं की चांगल्या फोटोवरही पुराव्याची निशाणीच पडत नाही.

फोटोत माणूस दिसत नाही, ते बरंच. दिसतात ती ट्रकची मागची चाकं, आणि डाव्या जोडचाकाला लागून जाणारी पांढरी कडपट्टी. बाकी सगळा ट्रक पट्टीच्या उजवीकडे. लेन साधारण साडेतीन मीटरची, ट्रक अडीच मीटरच्या आसपास रुंद. डावी चाकं पट्टीवर धरली तरी दोन मीटर ट्रक लेनमध्ये, म्हणजे वाहनाला उरला दीड मीटर. मागं ना लाल उजेड, ना चमकणारी पट्टी. व्यावसायिक वाहनाला मागं लाल परावर्तक पट्टी लागते. इथे ती चिखलानं झाकलेली. मागच्या चाकापासून चार-पाच पावलांवर दोन दगड आणि एक झाडाची फांदी.

भरपाईचा अर्ज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. दाखल करायला मुदत अपघातापासून सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासूनची. या मुदतीवर वाद सुरू आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. अर्ज पाचव्या महिन्यात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात लागला. ट्रक परगावचा, मालक आणखी तिसरीकडचा, तरी कोल्हापुरात चालतो, कारण अर्जदार राहतो तिथंही दावा लावता येतो.

मधल्या काळात लोकअदालतीत कंपनीनं पाच लाख देऊ केले. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न पाहता मृत्यूसाठी मिळणारी हीच रक्कम. मयताच्या सासऱ्यांची घ्यायची तयारी होती, ‘हातात पडंल ते खरं’. पण तिथं तडजोड झाली की १६६ चा रस्ता बंद. आकडा मांडून दाखवला तेव्हा ते गप्प बसले.

मग कंपनीनं ट्रकचालकालाच साक्षीला आणलं. सहसा असं करत नाहीत. मालक-चालक हजरच राहत नाहीत, दावा त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालतो. त्याच्या सरतपासाच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीच्या, शपथपत्रात लिहिलं होतं की ट्रकचे सर्व दिवे सुस्थितीत होते, बेअरिंग जळून मागच्या चाकाचं हब जाम झाल्यामुळे भरलेला ट्रक हलवणं शक्य नव्हतं. हे खरंच असावं. हब जाम झालेला भरला ट्रक जॅक लावल्याशिवाय इंचभर सरकत नाही.

उलटतपासात आम्ही ‘दिवे बंद होते ना?’ असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर ‘नाही’ म्हणाला असता. गाडी बंद पडल्यापासून काय काय केलं, ते क्रमानं विचारत गेलो.

‘मालकाला फोन लावला. मग मिस्त्रीला. मागं दगडं लावली, फांदी टाकली.’

‘मिस्त्री कधी येणार होता?’

‘सकाळी म्हणाला.’

‘मग रात्रभर दिवे चालू ठेवून बॅटरी टिकली असती?’

‘न्हाई की वो साहेब, बॅटरी उतरंल म्हणूनच तर बंद केलं.’

कंपनीच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. न्यायाधीश साहेबांनी वाक्य स्टेनोला नीट सांगून घेतलं. शेवटचा प्रश्न परावर्तक त्रिकोणाचा, जो ट्रकमध्ये असायला हवा. तो होता का?

‘होता की. सीटखाली.’

त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. दिवे चालू स्थितीत होतेच, लावलेले नव्हते. निरीक्षकाच्या अहवालात आणि अंधारात उभ्या ट्रकमध्ये एवढाच फरक होता.

हेल्मेटचा मुद्दा कंपनीनं शेवटपर्यंत ताणला, कारण ते नव्हतं. शवविच्छेदन अहवालात मात्र मृत्यूचं कारण छातीच्या दुखापती असं होतं, डोक्याची जखम किरकोळ. हेल्मेटच्या वादात आधी मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचावा.

निकालात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं एफआयआर बाजूला ठेवला. असल्या दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कुठल्या बाजूची शक्यता जड ते पाहतात. बिमला देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच हे सांगितलंय. गाडी बंद पडणं हा निष्काळजीपणा नाही, रात्री लेनमध्ये बिनदिव्याची सोडणं हा आहे, असं ठरलं.

रक्कम अशी निघाली. पगार १८,०००. फाउंड्रीचं मस्टर आणि पासबुकातल्या नोंदी जुळल्या म्हणून तो टिकला; नुसत्या मालकाच्या चिठ्ठीवर टिकत नाही. प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या पगारदाराला, नोकरी कायम नसेल तर, भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात, म्हणजे २५,२००. अवलंबून चौघं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १८,९००. वर्षाचे २,२६,८००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १६: ३६,२८,८००. सहवासहानी (जवळच्या माणसाची सोबत गेल्याची भरपाई) चौघांना प्रत्येकी ४८,४००, अंत्यविधी आणि मालमत्ताहानी (मयताच्या मिळकतीचं नुकसान) प्रत्येकी १८,१५०. एकूण ३८,५८,७००.

त्यातून २५ टक्के कापले, कारण मयताच्या हेडलाइटमध्ये ट्रक दिसायला हवा होता. हातात २८,९४,०२५, अर्ज दाखल केल्यापासून साडेसात टक्के व्याजासह. आमच्या मते दहा टक्क्यांच्या वर कापायला नको होतं. लो बीमवर चिखलानं झाकलेली मागची बाजू किती लांबून दिसते, हे त्या महामार्गावर रात्री मोटरसायकल चालवलेल्याला विचारावं. मुलांचे हिस्से सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

कंपनी नव्वद दिवसांच्या आत अपिलात गेली. अपील दाखल करायला कायद्यानं भरावे लागतात ते २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मे, जे कमी असेल ते; म्हणजे २५,०००. आम्हीही कापलेल्या २५ टक्क्यांवर उलट हरकत दाखल केली आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे मयताच्या आईला तारखेसाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागणार नाही. पहिल्या तारखेला त्या आल्या. फोटोची प्रिंट बघायची का विचारलं, तर नको म्हणाल्या.