ताळा जुळला, त्रेसष्ट रुपये जुळेनात
१९९५ सालचा ३१ मार्च शुक्रवारी आला होता. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या ज्या पतसंस्थेत मी तेव्हा कनिष्ठ लेखापाल होतो, तिथे त्या रात्री साडेनऊ वाजले तरी कोणी घरी गेले नव्हते. आमच्याकडे संगणक आलेला नव्हता. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार नोंदींची वही) आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा गोषवारा) ही सारी कामे हातानेच चालत. ठेवीदार बहुतेक भांडी बाजारातले दुकानदार आणि तांबट होते. त्यांच्या मुदत ठेवींवरचे वर्षाचे व्याज आधी एका यादीत मांडायचे आणि तिथून एकेकाच्या खात्यावर चढवायचे, अशी पद्धत होती. यादीची बेरीज ५,८४,२३६ रुपये होती. खतावणीत चढवलेल्या रकमांची बेरीज मात्र ५,८४,१७३ येत होती. फरक त्रेसष्ट रुपयांचा.

रोखपालांनी ते त्रेसष्ट रुपये खिशातून भरण्याची तयारी दाखवली. ती कोणी मनावर घेतली नाही, कारण पैसे हरवलेले नव्हतेच. कोणाच्या तरी खात्यावर ते कमी चढले होते.

खतावणी लिहिणारे अण्णा निवृत्तीला आलेले होते आणि त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. ते म्हणाले, "चढवण्यात चूक नाही. प्रत्येक वीस नोंदींना मी ताळा पाहिलाय. तुमची बेरीज चुकली असेल." नोंदी एकूण चारशे बारा होत्या, म्हणजे वीस-वीसचे वीस गठ्ठे आणि बाकी बारा. त्यांचा ताळा नवाचा होता: रकमेतले अंक मिळवायचे, नऊ आले की टाकून द्यायचे, उरेल ती बाकी. गठ्ठ्यातल्या यादीच्या रकमांची बाकी आणि खतावणीतल्या रकमांची बाकी सारखी आली की पुढे जायचे. या युक्तीला मोठी परंपरा आहे. दहाव्या शतकातल्या दुसऱ्या आर्यभटानेही ती दिली आहे. अण्णांच्या शब्दावर विसंबून आम्ही दोघांनी दोन्ही बेरजा नव्याने केल्या, त्यात पावणेदोन तास गेले आणि बेरजा जशाच्या तशा आल्या.

बी.एस्सी.ला मी गणित घेतले होते, पण खरे सांगायचे तर तोवर नोकरीत त्याचा काही उपयोग झालेला नव्हता. चहा पिता पिता सहज त्रेसष्टला नवाने भागून पाहिले आणि मग जे ध्यानात आले, ते अण्णांना कसे सांगावे हेच कळेना. ज्या ताळ्यावर ते विसंबले होते, त्याच ताळ्याने चूक झाकली होती.

दोन संख्यांना नवाने भागल्यावर सारखीच बाकी उरत असेल, तर त्या नवाच्या संदर्भात समशेष आहेत असे म्हणतात. त्यांच्यातला फरक नवाच्या पटीत असतो, असे म्हणणेही तेच. जर्मन गणिती गाउसने १८०१ साली या नात्यासाठी तीन आडव्या रेघांचे चिन्ह रूढ केले. आता दहाला नवाने भागले तर बाकी एक उरते, म्हणून शंभरालाही एक आणि हजारालाही एकच. त्यामुळे तीन हा अंक एककात असो, दशकात असो वा शतकात, नवाच्या हिशेबात त्याची किंमत तीनच राहते. नवाला अंक दिसतात, त्यांच्या जागा दिसत नाहीत. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बाकी तीच राहते, आणि घाईत उतरवून घेणाऱ्या माणसाची सर्वांत सहज होणारी चूक नेमकी हीच असते.

उलट बाजूने पाहिले तर हीच गोष्ट शोधाला उपयोगी पडत होती. शेजारच्या दशक-एककांची अदलाबदल झाली की फरक त्या दोन अंकांतल्या अंतराच्या नऊपट पडतो. त्रेसष्ट म्हणजे नऊ साते, म्हणजे अंकांत साताचे अंतर. शिवाय खतावणीतली रक्कम कमी होती, म्हणजे चुकलेल्या नोंदीत दशकाचा अंक लहान असणार. त्यामुळे शेवटी ०७, १८ किंवा २९ असलेल्या नोंदीच तपासायच्या उरल्या. चूक एकच आणि याच प्रकारची आहे हे मी गृहीत धरले होते. एखाद्या नोंदीत वेगळीच गडबड असती, तर हा तर्क वाया गेला असता.

अशा नोंदी चौदा निघाल्या. मी खतावणीतून वाचत होतो आणि अण्णा यादीवर बोट ठेवून होते. नवव्या नोंदीला मी "तेराशे एकोणतीस" म्हणालो आणि त्यांचे बोट थांबले. यादीत १,३९२ होते. अण्णांनी चष्मा काढून पुसला, दोन्हीकडे पुन्हा पाहिले, पुटपुटत नऊ टाकून अंक मिळवले. दोन्हीकडे सहा. लाल शाईने दुरुस्ती करून त्यांनी आद्याक्षरे घातली आणि व्यवस्थापकांनी तेरीज पुरी करायला सांगितली.

सोमवारी मी त्यांना अकराचा ताळा दाखवला. दहा हे अकराहून एकाने कमी, म्हणून उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे आळीपाळीने जायचे, आणि उत्तर ऋण आले तर त्यात अकरा घालायचे. १,३९२ ला बाकी सहा येते आणि १,३२९ ला नऊ, म्हणजे शेजारच्या अंकांची अदलाबदल इथे लपत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले, रद्दी पावतीच्या पाठीवर बराच वेळ काहीतरी मांडले आणि तो कागद माझ्यापुढे सरकवला. १,३९२ च्या खाली त्यांनी १,२९३ लिहिले होते.

"हा तुमच्या अकराला सापडतो का, बघा."

मी मांडून पाहिले. अकराने बाकी सहा, नवानेही सहा. दोहोंतला फरक नव्व्याण्णव होता.