गरम पादस्नान: साधं, पण नीट केलं तर
आज दिवसभर एकच प्रश्न येत राहिला: निसर्गोपचाराची सुरुवात कशापासून करायची? आमचं उत्तर, गरम पादस्नान.

आधी ग्लासभर पाणी प्या. बादलीत घोट्याच्या वर चार बोटं येईल इतकं, साधारण ४० अंश सेल्सिअसचं पाणी घ्या. थर्मामीटर वापराच, हाताचा अंदाज फसवतो. पाय बुडवून अंगावर चादर घ्या, डोक्यावर गार पाण्याची घडी ठेवा. पाणी निवत जाईल तसं गरम पाणी बादलीच्या कडेने घाला, पायांवर नको. १५ मिनिटं पुरे. शेवटी पायांवर गार पाणी ओतून लगेच कोरडे करा.

पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग सैलावतं, रात्री झोप लवकर लागते. बहुतेकांची चूक होते ती डोक्यावरच्या घडीत: ती ठेवतच नाहीत, किंवा एकदा ठेवून विसरतात. मग डोकं जड होतं, गरगरतं. घडी तापली की बदलायची.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील, पायांचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखम असेल तर हा उपचार अजिबात नको. भाजलेलं कळतच नाही, हे कळकळीने सांगतोय. आणि चालू औषधं याच्या भरवशावर बंद करू नका.