तुम्ही विचारलंत म्हणून: शोता आर्वेलाद्झेच का?

फुटबॉलचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जगात एवढे मोठमोठे खेळाडू होऊन गेले असताना तुम्ही आवडता आघाडीपटू म्हणून जॉर्जियाच्या शोता आर्वेलाद्झेचे नाव का घेता, आणि मुळात हा कोण? विचारणारे बहुतेक माझ्याच गावचे, म्हणजे कोल्हापूरचे असतात. शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे पेठांमधल्या फुटबॉल संघांचे, सामने पाहत वाढलेल्या माणसांना गोल करणाऱ्याची पारख असते, त्यामुळे त्यांना दोन वाक्यांत वाटेला लावणे मला प्रशस्त वाटत नाही. आजवर ते उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिले. आता एकदा सलग लिहितो.

आर्वेलाद्झेचा जन्म 22 फेब्रुवारी 1973 चा, तिबिलिसीचा. थोरला भाऊ रेवाझ फुटबॉलपटू, जुळा भाऊ अर्चिल फुटबॉलपटू, आणि गावात दिनामो तिबिलिसी हा क्लब, ज्याने 1981 मध्ये ड्युसेलडॉर्फला पूर्व जर्मनीच्या कार्ल झाइस येना या संघाला 2-1 असे हरवून युरोपचा कप विनर्स कप जिंकला होता. त्या वेळी शोता आठ वर्षांचा होता. जॉर्जियातल्या त्या पिढीच्या मुलांना दिनामोच्या पहिल्या संघात शिरण्यापलीकडे दुसरे स्वप्न नव्हते, कारण सोव्हिएत संघराज्याच्या सीमेबाहेर जाऊन खेळण्याची वाटच मुळी फारशी उघडलेली नव्हती. शोता दिनामोच्या पहिल्या संघात पोहोचला तोवर मात्र सगळेच पालटले होते. जॉर्जियाचे क्लब 1990 मध्ये सोव्हिएत लीगमधून बाहेर पडले, देश स्वतंत्र झाला आणि 1991 सरता सरता तिबिलिसीच्या मुख्य रस्त्यावर तोफा धडाडू लागल्या. पाठोपाठ अबखाझिया या प्रांतातले युद्ध आले, वीज आणि पाव यांचे दुर्भिक्ष आले. अशा काळात एकोणीस-वीस वर्षांचा हा मुलगा देशांतर्गत लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडत होता. परंतु त्या लीगकडे पाहायला बाहेरच्या जगात कोणाला सवड नव्हती.

1993 मध्ये तो आणि अर्चिल दोघेही तुर्कस्तानातल्या ट्रॅबझॉनस्पोरमध्ये गेले. नकाशावर पाहिले तर ही झेप फार लांबची नाही. सार्पीचा सीमानाका 1988 मध्ये उघडला होता आणि तेव्हापासून काळ्या समुद्राच्या कडेकडेने जॉर्जियातली माणसे बोचकी घेऊन ट्रॅबझॉनच्या बाजारात येत, घरातले किडूकमिडूक विकून संसाराला लागणारे सामान घेऊन परत जात. त्याच रस्त्याच्या टोकाशी असलेल्या शहरात हे दोघे जुळे मैदानात उतरले आणि गावाने त्यांना आपले मानले. ट्रॅबझॉनस्पोर हा इस्तंबूलबाहेरचा, तुर्की लीगचे विजेतेपद सर्वप्रथम इस्तंबूलच्या सावलीतून खेचून आणणारा क्लब. किरमिजी आणि निळा हे त्याचे रंग. 1984 नंतर मात्र विजेतेपद त्याच्या वाट्याला आले नव्हते. शोताच्या काळात 1995 चा तुर्की करंडक आला, पण गावाला हवी होती ती लीग.

ती 1995-96 च्या हंगामात अगदी हाताशी आली होती. शोताने त्या हंगामात 25 गोल केले आणि तुर्की लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. 5 मे 1996 रोजी इस्तंबूलचा प्रतिस्पर्धी क्लब फेनरबाहचे ट्रॅबझॉनच्या मैदानावर आला तेव्हा यजमान गुणतक्त्यात पुढे होते. पहिला गोलही त्यांचाच झाला. पण फेनरबाहचेने दोन गोल फेडले आणि सामना 2-1 असा नेला, आणि हंगाम संपला तेव्हा ट्रॅबझॉनस्पोर दोन गुणांनी मागे राहिला. ट्रॅबझॉनचा कोणीही माणूस भेटो, त्या दुपारचा विषय काढला की त्याचा आवाज खाली येतो, हे मी स्वतः ॲम्स्टरडॅममधल्या एका तुर्की भाजीवाल्याकडे अनुभवले आहे. तो मोजून कोथिंबीर देत होता. मी शोताचे नाव घेतले तसा त्याने तराजू सोडला, दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि एवढेच म्हणाला की त्या दिवशी आमच्या घरी कोणी जेवले नाही.

मी ॲम्स्टरडॅमला पहिल्यांदा गेलो तो 1998 च्या शरद ऋतूत, नोकरीनिमित्त. तेव्हा आर्वेलाद्झे तिथल्या आयाक्स क्लबमध्ये येऊन वर्ष उलटले होते. लुई व्हान गाल यांनी घडवलेला 1995 चा युरोपविजेता संघ पांगत चालला होता, व्हान गाल स्वतः 1997 च्या उन्हाळ्यात क्लब सोडून गेले होते आणि नेमका त्याच उन्हाळ्यात हा ट्रॅबझॉनहून आला होता. पहिल्याच हंगामात, डॅनिश प्रशिक्षक मॉर्टन ओल्सन यांच्या हाताखाली, आयाक्सने लीगच्या 34 सामन्यांत 112 गोल करून विजेतेपद घेतले आणि करंडकाच्या अंतिम सामन्यात पीएसव्ही या दुसऱ्या बड्या डच क्लबला 5-0 असे हरवले. मी पोहोचलो तो पुढचा, ओसरतीचा हंगाम होता. आयाक्स लीगमध्ये सहाव्या क्रमांकावर घसरला, ओल्सन यांना मध्येच जावे लागले, आणि करंडक तेवढा पदरात पडला.

पण माझ्या आवडीचा उगम त्याच हंगामात आहे, म्हणून थोडे थांबतो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आपले हंगामभराचे तिकीट मला काही सामन्यांसाठी दिले होते. जागा गोलखांबाच्या मागे, बरीच वर. टीव्हीवर चेंडू दिसतो; तिथून माणसे दिसत. तिथे बसून मी पहिल्यांदा चेंडूकडे न पाहता एकट्या आघाडीपटूकडे नव्वद मिनिटे पाहायला शिकलो. आर्वेलाद्झे फार वेगवान नव्हता, अंगाने दांडगाही नव्हता. बाजूने चेंडू चालला की तो आधी गोलपासून दूर सरकत असे, जणू त्याचा या चालीशी काही संबंधच नाही. बचावपटू चेंडूकडे पाहण्यासाठी मान वळवी, आणि नेमक्या त्या क्षणी हा दोन पावले उलटी टाकून जवळच्या खांबाकडे घुसे. चेंडू आला तर तो एकाच स्पर्शात आत ढकले; त्यात ताकद दिसत नसे, दिशा दिसे. चेंडू नाही आला तर तक्रारीचा हातही न उचलता पुन्हा तीच येरझार. एका सामन्यात मी मोजले होते: अशा चौदा धावा, चेंडू आला तो तीनदा, गोल एक. आमच्याकडे ज्याला ‘गोलपुढचा’ माणूस म्हणतात तो हाच, पण तो तिथे पोहोचण्यापूर्वी किती वेळा रिकाम्या हाताने परत फिरलेला असतो, हे मला त्या उंचावरच्या जागेने दाखवले.

त्याच वर्षी त्याच्याच देशाचा गिओर्गी किंकलाद्झे मँचेस्टर सिटीहून आयाक्समध्ये आला होता. चेंडूवरची हुकमत पाहायची तर किंकलाद्झे कितीतरी सरस. आजही मला तसे वाटते. पण त्याची जागा होती ती संघात आधीपासून असलेल्या यारी लिटमानेनची, आणि त्या संघात त्याला आपली जागा सापडलीच नाही. बारा लीग सामने खेळून त्याला वाट बदलावी लागली. आर्वेलाद्झेने मात्र शंभराहून कमी लीग सामन्यांत पन्नासपेक्षा जास्त गोल केले. परक्या देशात कोणाचे बस्तान बसते आणि कोणाचे नाही, याचे उत्तर निव्वळ गुणवत्तेत शोधता येत नाही, हे त्या दोघांना एकाच संघात पाहिल्यामुळे मला उमगले, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशात चाचपडत असलेल्या मला त्या उमगण्याचा फार आधार झाला.

2001 मध्ये डच प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट यांनी त्याला स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या रेंजर्स क्लबकडे नेले. ग्लासगोमध्ये तेव्हा डच फुटबॉलमधून आलेल्या खेळाडूंचा चांगलाच भरणा होता, आयाक्समधला जुना साथी रोनाल्ड डी बूर तिथे होता, त्यामुळे तो अगदीच परका नव्हता. तिथल्या चार वर्षांतली एक दुपार मी लोकांना नेहमी तपशिलात सांगतो. 25 मे 2003, लीगचा शेवटचा दिवस. रेंजर्स आणि ग्लासगोतलाच प्रतिस्पर्धी सेल्टिक यांचे गुण सारखे, गोलफरकही (केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) सारखा. दोन्ही संघ वेगवेगळ्या गावांत एकाच वेळी खेळत होते आणि प्रत्येक गोलाची बातमी प्रेक्षकांच्या कानाला लावलेल्या रेडिओतून दुसऱ्या मैदानावर पोहोचत होती. रेंजर्सने डनफर्मलिनला 6-1 असे हरवले, सेल्टिकने किल्मार्नॉकला 4-0 असे. सेल्टिकने तिथे एक पेनल्टी वाया घालवली. रेंजर्सला इथे जादा वेळेत पेनल्टी मिळाली आणि मिकेल आर्टेटाने ती सत्कारणी लावली. दोघांचेही 97 गुण. गोलफरक रेंजर्सचा 73, सेल्टिकचा 72. एका गोलाने लीग! त्या सहा गोलांपैकी एक आर्वेलाद्झेचा होता. त्या हंगामात रेंजर्सने लीग आणि दोन्ही करंडक जिंकले. 1996 मध्ये एका दुपारी जे हातून निसटले होते, ते सात वर्षांनी दुसऱ्या समुद्राकाठच्या देशात असे केसाच्या अंतराने त्याच्या वाट्याला आले. 2005 ची लीगही रेंजर्सने शेवटच्या दिवशीच जिंकली. करंडक घेऊन निघालेले हेलिकॉप्टर ऐन वेळी सेल्टिक खेळत असलेल्या मदरवेलऐवजी रेंजर्स खेळत असलेल्या एडिनबराकडे वळवावे लागले, ही गोष्ट स्कॉटलंडमध्ये आजही चवीने सांगितली जाते.

त्यानंतर तो नेदरलँड्सला परतला, अल्कमारच्या एझेड क्लबमध्ये, आणि तिथे प्रशिक्षक होते व्हान गाल. आयाक्सच्या दारात जी भेट चुकली होती ती आठ वर्षांनी अशी झाली. योगायोग असा की माझीही दुसरी बदली त्याच सुमारास झाली आणि मी अल्कमारला राहायला गेलो. झाडीला लागून असलेले अल्कमारडरहाउट हे त्यांचे जुने मैदान इतके लहान होते की कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूचा श्वास ऐकू येई. बत्तीस-तेहतीस वर्षांचा आर्वेलाद्झे आता आणखी कमी धावत होता, पण त्या दोन उलट्या पावलांत काही फरक पडला नव्हता. शेजारी उभा राहणारा एक म्हातारा चीज-व्यापारी दर वेळी मला कोपराने ढोसून म्हणे, आता बघ, आता सरकेल. आणि तो सरके.

29 एप्रिल 2007 ला पुन्हा लीगचा शेवटचा दिवस आला. एझेड, पीएसव्ही आणि आयाक्स या तिघांचेही 72 गुण होते, आणि गोलफरक सर्वांत सरस अल्कमारचा होता. सामना रॉटरडॅमच्या एक्सेलसियरशी, म्हणजे तळाशी झगडणाऱ्या संघाशी. मी गावातल्या एका कॅफेत दाटीवाटीने उभा होतो. सुरुवातीलाच अल्कमारच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले आणि कॅफेतला गलबला एकदम थंडावला. दहा जणांनिशी झुंजून एझेड 3-2 असा हरला. तिकडे पीएसव्हीने 5-1 असा विजय मिळवला, आयाक्सने 2-0 असा, आणि पीएसव्ही आयाक्सपेक्षा एकाच गोलाने पुढे राहून विजेता ठरला. आठवड्याभरात करंडकाचा अंतिम सामनाही एझेडने आयाक्सविरुद्ध पेनल्टींवर गमावला, आणि चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेची लढतही आयाक्सनेच जिंकली. इतके सगळे एका महिन्यात गमावलेले गाव मी दुसरे पाहिलेले नाही. तो चीज-व्यापारी नंतर रस्त्यात भेटला, तेव्हा आम्ही दोघेही हवापाण्याबद्दल बोललो.

स्पेनमधल्या लेव्हान्तेतला शेवटचा मुक्काम थोडक्यात आटोपतो. क्लब पैशांच्या अडचणीत होता, संघ खाली घसरत होता, आणि 2008 मध्ये आर्वेलाद्झेने खेळणे थांबवले. देशासाठी त्याने 61 सामन्यांत 26 गोल केले होते, आणि त्याच्या काळात जॉर्जिया एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही. म्हणूनच त्याचे नाव आपल्याकडे पोहोचले नाही. विश्वचषकाच्या महिन्यात जे टीव्हीवर दिसतात तेच आपल्या ओळखीचे होतात. 2024 मध्ये जॉर्जिया प्रथमच युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळला, जॉर्ज मिकाउताद्झेने तिथे तीन गोल केले, आणि त्यानंतर मला हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या स्वरात कुतूहल वाढले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

खेळणे थांबल्यावर तो अल्कमारलाच व्हान गाल यांचा साहाय्यक झाला आणि 2009 मध्ये एझेडने ती निसटलेली लीग जिंकली. पुढे तो स्वतः प्रशिक्षक म्हणून तुर्कस्तान, इस्रायल, उझबेकिस्तान असा फिरला. मध्ये थोडा काळ ट्रॅबझॉनस्पोरलाही होता. ट्रॅबझॉनला लीगसाठी 1984 पासून 2022 पर्यंत, म्हणजे तब्बल 38 वर्षे थांबावे लागले. ती अखेर आली तेव्हा आर्वेलाद्झे इंग्लंडमध्ये हल सिटीचा प्रशिक्षक होता आणि मी कोल्हापुरात परतून बरीच वर्षे झाली होती. ट्रॅबझॉनच्या रस्त्यांवर रात्रभर चाललेला जल्लोष मी मोबाइलवर पाहिला, आणि मग ॲम्स्टरडॅममधल्या एका जुन्या मित्राला फोन करून विचारले, तो भाजीवाला अजून दुकानात बसतो का. मित्र म्हणाला, बसतो. आज सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याने फुकट डाळिंबे दिली.